पानाबाहेरचा मजकूर

आमच्या कचेरीत पहिले दोन कॉम्प्युटर आले तेव्हा मालकांनी त्यांच्यासाठी एसी बसवला. आम्हा संपादकीय मंडळींना एकच पंखा होता आणि तोही एकाच वेगाने फिरायचा. कॉम्प्युटरच्या खोलीत जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. धुळीने मशीन बिघडतं असं विक्रेत्याने सांगितलं होतं आणि आम्ही ते देवळाच्या नियमासारखं पाळत होतो. त्या मे महिन्यात अग्रलेखाचं निमित्त करून मी दुपारी त्या खोलीत जाऊन बसू लागलो. माझ्या संगणकाच्या वेडाची सुरुवात थंड हवेपासून झाली, हे आधीच कबूल केलेलं बरं.

मी तेव्हा चाळिशी ओलांडलेला, नाशिकमधल्या एका छोट्या दैनिकाचा संपादक होतो. मुद्रितशोधक म्हणून लागलो, मग उपसंपादक झालो, आणि माझ्या वरचे एकेक जण मोठ्या पेपरांत निघून गेले म्हणून संपादक झालो. हे मी विनयाने सांगत नाही, खरंच तसं झालं. पेठहून बातमीदाराचं पाकीट एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती यायचं, नामपूरचा बातमीदार कांद्याचा भाव फोनवर ओरडून सांगायचा, आणि या सगळ्यातून संध्याकाळपर्यंत आठ पानं उभी करायची. हुशारीपेक्षा चिकाटीचं काम. चिकाटी माझ्याकडे भरपूर होती आणि तापट डोकंही होतं. उपसंपादकांची कॉपी, म्हणजे लिहून आणलेली बातमी, मी त्यांच्यादेखत फाडल्याचे किस्से ही मंडळी अजून सांगतात. त्यातले निम्मे खरे आहेत.

कॉम्प्युटरवर माझं ओरडणं चालेना, म्हणूनच बहुधा तो मला आवडला. त्याच्यावर कितीही डाफरा, चूक आपलीच निघायची. आमच्या ऑपरेटर बाई मला शिकवायला तयार नव्हत्या. "सर, तुम्ही काही दाबू नका," एवढंच त्या म्हणायच्या. मग त्या डबा खायला गेल्या की मी दाबायचो आणि काय दाबल्यावर काय होतं ते वहीत लिहून ठेवायचो. दोन पावसाळे गेले आणि मला आठ पानांपैकी कुठलंही पान स्वतः लावता येऊ लागलं. त्या दिवशी मी सगळ्या कचेरीला जिलेबी वाटली. बाईंनी खाल्ली, पण कौतुक केलं नाही.

त्यांचा राग अगदीच बिनबुडाचा नव्हता. शिकण्याच्या भरात एकदा मी तयार झालेलं पहिलं पान अख्खंच्या अख्खं उडवलं होतं. एक शब्द खोडायचा होता, सगळंच निवडलं गेलं, आणि मी बटण दाबलं. पान पुन्हा लावेपर्यंत गाड्या चुकल्या आणि अर्ध्या जिल्ह्यात पेपर गेला नाही. त्या दिवसापासून खोडण्याचं ते बटण मी स्वतःला वर्ज्य केलं.

पण संपादकाचं निम्मं आयुष्य कापण्यात जातं. न खोडता कापायचं कसं? त्यावर मी माझ्यापुरता तोडगा काढला. पान लावायच्या त्या प्रोग्रॅममध्ये पानाच्या भोवती मोकळी जागा असायची, टेबलावर कागद ठेवला की कागदाभोवती टेबल उरतं तशी. तिथे काहीही ठेवा, ते छापलं जायचं नाही, पण पानाबरोबर जपून मात्र ठेवलं जायचं. मी कापलेला मजकूर उचलून तिथे नेऊन टाकू लागलो. पूर्वी शिशाचे खिळे जुळवून छापायचे तेव्हासुद्धा काढलेल्या ओळी अंक निघेपर्यंत बाजूला ठेवायची रीत होती, त्यामुळे मला यात काही वावगं वाटलं नाही. ऑपरेटर मंडळी त्याला "सरांची अडगळ" म्हणायची. पान छापायला गेलं की मी ती अडगळ विसरून जायचो.

माझी आणखी एक हौस होती. कॉपी कागदावर दुरुस्त करायची आणि मग ऑपरेटरने ती टाइप करायची, ही सरळ पद्धत मी मोडून टाकली. आलेलं लेखन जसंच्या तसं पूर्ण टाइप करा, मी पडद्यावरच कापेन, असा माझा हुकूम होता. यात ऑपरेटरचं काम दुप्पट व्हायचं. मला मात्र माउस हातात धरून काटछाट करताना मोठं आधुनिक वाटायचं.

वाचकांच्या पत्रांचं सदर मी कुणाला हात लावू द्यायचो नाही. रोज पाच-सहा पत्रं. त्यात एका गृहस्थांचं पत्र महिन्याला एक तरी असायचंच. शहरातल्या उपनगर नावाच्या भागात, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत ते राहायचे आणि पाटबंधारे खात्यात कारकून होते, एवढं पत्राखालच्या पत्त्यावरून आणि सहीवरून कळायचं. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दुरेघी वहीच्या कागदावर निळ्या शाईचं टपोरं अक्षर. विषय ठरलेले: गटार, रस्त्यावरचा दिवा, बसथांबा, खड्डा, आणि सगळ्यात जास्त वेळा पहाटे साडेचारला येणारं नळाचं पाणी. कचेरीत त्यांचं नाव "गटारवाले" पडलं होतं. टपाल आलं की कुणीतरी विचारायचं, "आज गटार आलं का?" आणि आम्ही सगळे हसायचो, मी सगळ्यात आधी.

त्यांच्या पत्राची सुरुवात नेहमी घरातून व्हायची. माझ्या पत्नीने असे केले, माझ्या पत्नीला तसे झाले, आणि मग तक्रार. आमच्या धंद्यात हा दोष. पत्रांच्या सदरात घरगुती गोष्टी नकोत, समस्या सार्वजनिक हवी, असं मी नव्या उपसंपादकांना शिकवायचो. शिवाय जागा नसायचीच. त्यामुळे मी घरातला भाग उचलून पानाबाहेर टाकायचो आणि वर एक वाक्य बसवायचो: "या भागातील नागरिकांची मोठी गैरसोय होत आहे. संबंधितांनी लक्ष द्यावे." हे वाक्य मला झोपेतसुद्धा लिहिता आलं असतं. पत्र अर्ध्यावर यायचं, नीटनेटकं दिसायचं, आणि मला काम चोख केल्याचं समाधान मिळायचं.

अकरा-बारा वर्षं हे चाललं. मग त्यांची पत्रं यायची थांबली. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा तीन-चार महिने होऊन गेले होते. मी म्हणालो, "गटारवाले गप्प झाले, म्हणजे गटार झालं वाटतं!" सगळे हसले.

पुढे पेपर बंद पडला. त्याची कहाणी मी सांगत बसत नाही, सगळ्या छोट्या पेपरांची तीच आहे. निघताना मालकांनी विचारलं, आठवण म्हणून काय नेता? मी जुना एक कॉम्प्युटर मागितला आणि पानांच्या सगळ्या सीडी. बायकोने दोन खोके घरात येताना पाहिले आणि कपाळाला हात लावला.

घरी मुलाने दिलेल्या नव्या लॅपटॉपवर मी हौसेने एक सीडी लावली. माझी बावीस वर्षं पडद्यावर आली ती अशी: इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं, कंस, सगळी एकमेकांच्या उरावर बसलेली. आमचा जुना मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेला मराठी अंगरखा होता, तो नव्या मशीनवर नव्हता, म्हणून आतलं सगळं उघडं पडलं होतं. जुन्या कॉम्प्युटरवर पानं दिसायची, पण एकेक उघडायला पाच मिनिटं लागायची आणि चार पानांनंतर तो तापून बसायचा. त्यात काही शोधणं तर अशक्यच.

मी साठीत होतो, हाती वेळ होता आणि डोकं अजून तापट होतं. आपणच असा प्रोग्रॅम लिहायचा की जो हा गोंधळ वाचून साध्या आजच्या मराठीत आणून देईल, असं मी ठरवलं. प्रोग्रॅम कसा लिहितात ते मला येत नव्हतं. इंटरनेटवर एक तरुण शिक्षक हिंदीतून शिकवायचा; त्याचे व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिले आणि पुन्हा वही केली. डावीकडे जुन्या फॉन्टची खूण, उजवीकडे खरं अक्षर. क सापडला की ख, जोडाक्षरांनी तर नाकी नऊ आणले. बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "आज कोणतं अक्षर पास झालं?" मी सांगायचो. "ज्ञ" झाला त्या दिवशी तिने शिरा केला. सात-आठ महिन्यांनी पहिलं अख्खं वाक्य सरळ उमटलं. गोदावरीच्या पुराची जुनी बातमी होती. पूर ओसरत असल्याचं वाचून मला कधी इतका आनंद झाला नव्हता.

ही गोष्ट एका ओळखीच्याने कुठेतरी सांगितली असणार. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी एक बाई दारात उभ्या राहिल्या. पस्तिशीच्या, खांद्याला पर्स, हातात प्लास्टिकची फाइल. पेठ तालुक्यात शाळेवर शिक्षिका आहे, म्हणाल्या. वडिलांचं नाव सांगितलं आणि मी क्षणभर गोंधळलो. मग त्यांनी फाइल उघडली. आमच्या पेपरातली कात्रणं, वहीच्या पानांवर खळीने चिकटवलेली. गटारवाले! तो शब्द तोंडातून बाहेर पडला नाही, एवढीच माझी अब्रू राहिली.

"सर, पप्पांना पॅरालिसिसचा अटॅक आला, दोन महिने झाले," त्या म्हणाल्या. "उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. समजतं सगळं. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या आवडीचं वाचून दाखवा, बोलायची इच्छा जागी राहिली पाहिजे. पप्पा हळूहळू सगळ्यातून मन काढून घेतायत हो. जेवायलाही तोंड उघडत नाहीत."

"मग ही कात्रणं वाचा की."

"वाचली. सुरुवातीला ऐकतात, मग डाव्या हाताने अशी खूण करतात." त्यांनी हात हवेत पुढे पुढे नेला. "मला वाटलं, आणखी पत्रं असतील, ती हवी असतील. म्हणून आले. मूळ पत्रं असतील का तुमच्याकडे?"

मूळ पत्रं रद्दीत जायची, हे मी सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "ताई, छापलेलं सगळं माझ्याकडे आहे. एखादं सुटलं असेल तर शोधून देतो. आठ दिवस द्या." त्यांची आठच दिवसांची रजा उरली होती, नंतर दिवसभरासाठी एक बाई ठेवायची होती. निघताना त्या म्हणाल्या, "आई गेल्यापासून पप्पा घरात तसेही फार बोलायचे नाहीत. आधीही नाहीच. जे काय बोलायचे ते तुमच्या पेपरात." 

मी कामाला लागलो. सगळ्या सीडी लॅपटॉपवर उतरवल्या, माझा प्रोग्रॅम त्यांच्यावरून फिरवला, आणि त्यांचं आडनाव शोधायला लावलं. माझ्या प्रोग्रॅमला पान दिसत नाही. पानावर काय आणि पानाबाहेर काय, ते त्याला कळत नाही. फाइलीत जेवढा मजकूर सापडेल तेवढा तो ओळीने काढून देतो. तो माझा अडाणीपणा होता, खरं तर दुरुस्त करायचं मनात होतं. पहिल्या पत्राखाली मला काही सुट्या ओळी दिसल्या. दुसऱ्या कुठल्या तरी पत्राच्या असतील असं वाटलं. मग ती भाषा ओळखू आली.

"काल माझी पत्नी मुलीच्या दहावीच्या निकालास गेली होती. परतताना बस चाळीस मिनिटे आली नाही. थांब्यावर सावली नाही. तिने पदर मुलीच्या डोक्यावर धरला व स्वतः उन्हात उभी राहून निकालपत्र वाचीत होती. तिला इंग्रजी येत नाही, परंतु गणिताचे गुण तिने मला बोट ठेवून दाखविले."

छापलेल्या पत्रात होतं, "थांब्यावर शेड नसल्याने नागरिकांची मोठी गैरसोय होत आहे."

मी पुढचं काढलं. द्वारका चौकाजवळच्या खड्ड्याचं. "रिक्षा आदळली तेव्हा माझी पत्नी हसली व म्हणाली, लय दिवसांनी पाळण्यात बसल्यावानी वाटलं. ती हसली म्हणून खड्डा माफ होत नाही." रस्त्यावरच्या दिव्याचं. "अंधारामुळे तिने संध्याकाळी विहारात जाणे सोडले आहे. ती गेली नाही की घरात चिडचिड होते. ती चिडचिड माझी असते, तिची नसते." पाण्याची तर कितीतरी पत्रं. साडेचारच्या पाण्यासाठी ती चारला उठते, नवरा जागा होऊ नये म्हणून हंड्याखाली फडकं घालते, आणि हा माणूस जागा असूनही झोपेचं सोंग घेतो, कारण तिला वाटतं की आपण आवाज होऊ दिला नाही. हे सगळं त्याने दैनिकाच्या संपादकाला लिहिलं होतं. महोदय म्हणून, दुरेघी कागदावर. आणि मी ते एकेक करून उचलून बाजूला टाकलं होतं.

तीन दिवस मी दुसरं काही केलं नाही. शंभरावर पत्रं निघाली. डाव्या हाताची ती पुढे पुढे जाणारी खूण मला आता समजली होती. त्यांना आणखी पत्रं नको होती. त्यांना त्याच पत्रांतलं राहिलेलं हवं होतं.

चौथ्या दिवशी शेवटचं पत्र निघालं. छापलेलं फक्त दोन ओळींचं. "आमच्या भागात पाणीपुरवठ्याची वेळ बदलल्याने नागरिकांत समाधान व्यक्त होत आहे. संबंधितांचे आभार." आणि पानाबाहेर हे:

"महोदय, आमच्याकडे पाणी आता सकाळी सात वाजता येते. आपले आभार. माझी पत्नी अकरा वर्षे त्या पाण्यासाठी उठली. ती मागील महिन्यात वारली. तिला सातच्या पाण्याचा उपयोग झाला नाही. एक विनंती आहे. आपण दरवेळी नागरिक असे करता, ते आपल्या दृष्टीने योग्यच असेल, मी कधी तक्रार केली नाही. यावेळी तेवढे तिचे नाव राहू द्यावे." आणि खाली, वेगळ्या ओळीत, तिचं पूर्ण नाव.

मी लॅपटॉप मिटला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. आयुष्यात मी मंत्र्यांना दुखावलं आहे, मालकांना दुखावलं आहे, आणि त्याचा मला अभिमान होता. या माणसाला मी दुखावलं हे मला माहीतसुद्धा नव्हतं.

सगळी पत्रं मी मोठ्या टाइपात छापली, पण शेवटचं बाजूला ठेवलं. बायकोने विचारलं, "हे कुठलं?" मी तिला वाचायला दिलं. म्हणालो, आजारी माणूस आहे, त्याला कशाला पुन्हा ते. मुलीलाही त्रास. बाकीची पुष्कळ आहेत.

तिने कागद दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला. "तुम्ही रिटायर झालात ना?" ती म्हणाली. "मग अजून कशाला कापताय?" आणि तो कागद तिने गठ्ठ्याच्या शेवटी लावून दिला. मला तिचा राग आला, आणि ती बरोबर होती म्हणून जास्तच आला.

दुसऱ्या दिवशी मी उपनगरला निघालो. द्वारकेला नेहमीसारखी गर्दी होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यात अडकून पडलो असतो तरी मला चाललं असतं. घर दोन खोल्यांचं, स्वच्छ, दाराशी तुळस नव्हे तर मोगऱ्याची कुंडी. कॉटवर ते उशीला टेकून बसले होते. बारीक अंगाचे, दाढी केलेली, शर्टाच्या खिशाला पेन. इतक्या वर्षांत मी मनात एक रागीट, जाडजूड माणूस उभा केला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलीने सांगितलं, "पप्पा, संपादक सर आलेत." त्यांनी डावा हात कपाळापर्यंत नेला. नमस्काराला दुसरा हात साथ देत नव्हता. मी खुर्चीत बसलो नाही, बसवेना.

मी मुलीला सगळं सांगितलं. काय कापलं, का कापलं, ते कसं सापडलं. त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मग ती वाचू लागली. बसथांब्याचं पत्र. पदराच्या ओळीशी ती अडखळली. "पप्पा, तुम्ही हे लिहिलं होतं?" ते तिच्या डोक्याकडे पाहत होते. आज त्यांनी हात पुढे नेला नाही. खड्ड्याचं पत्र आलं तेव्हा त्यांचा चेहरा डावीकडून हसला, आणि मुलगी डोळे पुसत म्हणाली, "अगदी आईच! अशीच बोलायची ती." मधे तिने वाटीतली पेज चमच्याने पुढे केली. त्यांनी तोंड उघडलं, नजर कागदावरून न काढता. ती वाचत राहिली आणि वाटी रिकामी झाली.

शेवटचं पत्र तिने मनातल्या मनात वाचायला सुरुवात केली, आणि थांबली. कागद माझ्याकडे दिला. "मला नाही जमणार, सर."

म्हणून ते मी वाचलं. बावीस वर्षं मी लोकांची पत्रं हाताळली, पण एकही कधी मोठ्याने वाचलं नव्हतं. मोठ्याने वाचलं की कळतं, माणूस कुठे थांबून लिहीत होता. तिच्या नावापाशी आलो तेव्हा त्यांनी डावा हात वर केला. मी थांबलो. त्यांचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. घशातून एक आवाज आला. नाव नव्हतं ते, पण त्याची सुरुवात होती. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर ओढणी धरली. त्यांनी बोटाने कागदाकडे खूण केली. मी नाव पुन्हा वाचलं. त्यांनी पुन्हा खूण केली. किती वेळा वाचलं ते सांगता येणार नाही.

मग मी म्हणालो, "माझं चुकलं. तेव्हा जागा नसायची हो." म्हणायला नको होतं, पण म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं. चांगला पाय हळूच भिंतीकडे ओढून घेतला आणि कॉटवर रिकाम्या झालेल्या जागेवर डाव्या हाताने दोनदा थोपटलं. मी तिथे बसलो.

घरी आल्यावर मला राहवेना. जुना कॉम्प्युटर लावला, तो तापेपर्यंत त्या दिवसाचं पान उघडून घेतलं, आणि ते जसं छापलं गेलं होतं तसं पाहिलं. डाव्या कोपऱ्यात त्यांचं दोन ओळींचं पत्र होतं. त्याच्याखाली जागा उरली होती, चार ओळी सहज मावल्या असत्या एवढी. ती रिकामी दिसू नये म्हणून मी तिथे एक चौकट टाकली होती. चौकटीत लिहिलं होतं: वाचकांनी पत्रे थोडक्यात लिहावीत. - संपादक.